नवमीचं उघडं पान

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, आखाडा बाळापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून सतरा माणसं नाहीशी झाली.

माणसं आपापल्या गावी सुखरूप होती म्हणा. नाहीशी झाली ती त्यांची पानं. बुधवारी, खंडेनवमीला, तपासून गेलेल्या सतरा जणांची नावं, गावं, कोणाच्या कोणत्या डोळ्यातला मोतीबिंदू किती पिकलाय, हे सगळं कॉम्प्युटरमधल्या रजिस्टरात लिहिलेलं होतं. शुक्रवारी ते रजिस्टर उघडेना. नांदेडच्या माणसानं फोनवरून खटपट करून मंगळवारच्या नकलेवरून ते पुन्हा उभं केलं, पण नवमीचा दिवस काही त्यात आला नाही. आणि ऑपरेशनं करायला सर्जन चार दिवसांवर येऊन ठेपले होते.

नर्मदाबाई तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर, डोळ्यात थेंब घालून घ्यायची वाट बघत बसल्या होत्या. वय एकाहत्तर. याच दवाखान्यात एकतीस वर्षं त्यांनी नोंदणीचं रजिस्टर सांभाळलं होतं. तेव्हाचं रजिस्टर मांडीवर घेतलं तर मांडी अवघडायची, एवढं जाड. आता त्यांच्या टेबलाच्या जागी काचेची खिडकी होती आणि खिडकीमागं गौसिया बसायची. नऊ वर्षं झाली होती तिला.

मॅनेजर शिवशंकर यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्यामुळं जे बोलणं झालं ते साऱ्या व्हरांड्यानं ऐकलं.

"बुधवारी एक वाजता उठून गेलीस ती तशीच. तुझा कॉम्प्युटर चालू, पान उघडं. नांदेडचा माणूस सांगून राहिला, रजिस्टर मिटलं तेव्हा 'नोंदणी' आत होतं. नोंदणी म्हणजे कोण? तूच ना?"

"साहेब, मी बाहेर पडले प्रोग्रामातून. कपडा टाकला, मंग उठले."

"मला तर यादी रिकामी दिसली होती. म्हणून मिटलं. आता तू काय केलंस ते तुलाच ठाऊक. नव्या प्रोग्रामला तुझाच विरोध होता. गावातच मोबाईलवर नोंद व्हायला लागली तर माझी खिडकी कशाला ठेवतील, असं म्हणली होतीस का न्हाई?"

"म्हणले होते. म्हणून काय सतरा म्हाताऱ्यांचे डोळे बुडवीन?"

"सोमवारी ट्रस्टींची बैठक हाये. काय सांगायचं ते तिथं सांग. तवर खिडकीवर बसायचं न्हाई. मी रजिस्टरात तसं लिहिलंय."

गौसिया बाहेर आली. डोळे कोरडे होते, पण ओढणीचं टोक मुठीत चुरगाळलेलं होतं. बाकाशी थांबून तिनं विचारलं, "मावशी, तुमचे थेंब घातले का कोणी?"

खिडकीवरून उठवलेली बाई दुसऱ्याच्या थेंबांची चौकशी करते, तेव्हा तिनं रजिस्टर फाडलं असेल हे नर्मदाबाईंच्या गळ्याखाली उतरेना.

२

चहाच्या टपरीमागच्या सावलीत दोघी बसल्या.

"मला समजंल असं सांग," नर्मदाबाई म्हणाल्या. "एका रजिस्टरात तिघं कसे लिहितात?"

"रजिस्टर एकच असतं, मावशी. ते साहेबांच्या कॉम्प्युटरमध्ये राहतं. माझ्या खिडकीतून, पुनमच्या तपासणीच्या खोलीतून आन साहेबांच्या खोलीतून, तिघं एकाच वक्ताला त्यात लिहितो. ज्याचं त्याचं पान वेगळं."

"आमच्या वेळी दोन हात एका वहीवर आले की शाई सांडायची."

गौसिया अशातही हसली. "इथं शाई मिटताना सांडती. साहेबांना एक यादी दिसते, आत कोण कोण हाये त्याची. रजिस्टर मिटायचं असलं तर पहिले नव्या माणसाला आत घेणं थांबवायचं. मंग सगळ्यांच्या पडद्यावर निरोप पाठवायचा, की पाच मिनिटांत बंद होणार, पान मिटा, बाहेर या. मंग यादी बघायची. रिकामी झाली की नक्कल काढायची, आन मंगच मिटायचं. कोणी आत असताना मिटलं तर त्याचं पान तर जातंच, पण अख्खं रजिस्टर फाटायची भीती."

"आणि बुधवारी ते कायमचं मिटायचं होतं."

"व्हय. शुक्रवारपासून नवा प्रोग्राम, जुनी पानं त्यात न्यायची होती. नवमीला दुपारनंतर दवाखाना बंदच असतो, म्हणून तो दिवस धरला. मी सकाळपासून सतरा टोकनं दिली, अर्ध्या तुकड्यांवर नाव-फोन लिहून ठेवले, सतरा पानं लिहिली. अम्मीला ताप चढला असा फोन आला म्हणून एक वाजता निघाले."

गौसियाची आई मुन्नी म्हणजे नर्मदाबाईंची जुनी मैत्रीण. एकेकाळी दोघी मिळून हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनाला जायच्या, लोकरीचे गुंडे घेऊन यायच्या. खिडकीतल्या कॉम्प्युटरवरचा क्रोशाचा कपडा मुन्नीच्याच हातचा होता.

"कशी आहे मुन्नी?"

"बरी हाये आता. साहेब आज ओरडले, पण माणूस वाईट न्हाई, मावशी. त्या दिवशी सव्वाचारला फोन करून अम्मीची तब्येत इचारली."

"तेवढंच विचारलं?"

गौसियानं आठवून पाहिलं. "आन म्हणले, कॉम्प्युटर बंद करून गेलीस ना? मी म्हणले, व्हय साहेब."

नर्मदाबाईंच्या हातातला चहाचा कप ओठाशी थांबला.

३

दुपारी बाराला दवाखान्यात अठरावा माणूस उगवला.

दगडोबा त्याचं नाव. औंढ्याकडचा, सत्तरीचा, डाव्या डोळ्यात कवडीसारखा पांढरा मोतीबिंदू. त्याला शिवशंकर समजावत होते आणि तो समजत नव्हता.

"बाबा, सतरा टोकनांत तुमचं नाव न्हाई. तुमचं टोकन कुठंय?"

"टोकन कसलं? बाईनं डोळ्यात थेंब टाकले, शुक्रवारी ये म्हणली, मी आलो. आता तुमी म्हणता मी आलोच नव्हतो. मंग थेंब काय माझ्या भावाच्या डोळ्यात टाकले का?"

"दिवस चुकलाय म्हाताऱ्याचा," असं म्हणून शिवशंकर आत गेले.

नर्मदाबाईंनी दगडोबाला आपल्या शेजारी बसवलं. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. माणसाला बसवलं की त्याला बराबर आठवतं.

"कोणत्या गाडीनं आला होता, दादा?"

"तीनला पोचणारी यष्टी. त्या दिवशी लेट झाली. डायवरनं गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, सगळ्या गाडीत परसाद वाटला."

म्हणजे नवमीच. म्हाताऱ्याचा दिवस चुकला नव्हता. तीननंतर आला, म्हणजे गौसिया जाऊन दोन तास उलटले होते, म्हणून टोकन नाही. सगळं सरळ होतं. नर्मदाबाई पुढं सरकल्या.

"हनुवटी टेकवून बसायच्या यंत्रावर बसवलं असंल ना तुम्हाला?"

"न्हाई बा. मागच्या वर्षी बसवलं होतं. आवंदा बाईनं हातातली बॅटरी मारून पाह्यलं. मधी मधी उठायची, भाईर जाऊन लिहून यायची. थेंब काही चढंनात. पुन्ना टाकले. डोळा चुरचुरून राहिला नुसता."

"बाहेर कुठं लिहायची?"

"ते मला कसं दिसंल? दिसत असतं तर इथं कशाला आलो असतो?"

नर्मदाबाईंना हसू आलं. पण मनात एक गोष्ट अडकून बसली. तपासणीच्या खोलीत लाख मोलाचं यंत्र आहे, शेजारी कॉम्प्युटर आहे. मग पुनमनं बॅटरी का मारली? आणि लिहायला बाहेर का गेली?

४

उत्तर तपासणीच्या खोलीतच मांडून ठेवलेलं होतं.

पुनम दसऱ्याच्या रजेवर कळमनुरीला माहेरी गेली होती, म्हणून थेंब घालायला पद्माबाई आल्या. पद्माबाई दवाखान्यातल्या जुन्या आया. त्यांनी खोलीचं दार उघडलं आणि झेंडूचा उग्र वास आला. हनुवटी टेकवायच्या यंत्रावर हळदीकुंकवाची बोटं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरून आडवा हार, सुकलेला. कीबोर्डच्या फटींत अक्षता. वरचा एक दाणाही हललेला नव्हता.

"एक वाजता पूजा केली," पद्माबाई म्हणाल्या. "दवाखान्याची हत्यारं ती हीच. दसऱ्याला सोनं लुटून आल्याबिगर त्याला हात लावत न्हाईत. मान वर करा."

थेंब पडला. डोळा मिटून नर्मदाबाई म्हणाल्या, "गौसियाच्या कॉम्प्युटरवर हार दिसत नाही."

"ती दरवर्षी सोता झेंडू आणती, सोता वाहती. आवंदा तिची माय तापली. तिच्या माघारी तिच्या टेबलाला आपण काहून हात लावायचा? ठिवला तसाच."

"आणि साहेबांचा?"

"त्यांचा शेवटी. त्यांचं ते मिटायचं काम चाललं होतं ना. सव्वाचारपासून मी ताट घेऊन दारात उभी. म्हणलं, साहेब, ज्योत इझून राहिली, तेवढा कॉम्प्युटर मोकळा करा. दोनदा म्हणलं, तिनदा म्हणलं."

नर्मदाबाई बाहेर येऊन खिडकीशी थांबल्या; मागोमाग पद्माबाई आल्या. गौसियाला शुक्रवारी खुर्चीत बसूच दिलं नव्हतं, त्यामुळं तिच्या टेबलावर बुधवारनंतर कोणी काही हलवलं नव्हतं. पडद्यावर मुन्नीचा क्रोशाचा कपडा होता. पण त्याची फुलं आतल्या बाजूला होती आणि गाठी वर. आईच्या हातचा कपडा नऊ वर्षं रोज टाकणारी लेक तो उलटा टाकील?

"पद्माबाई, बुधवारी तीननंतर या खुर्चीवर कोण बसलं होतं?"

पद्माबाईंनी थेंबांची बाटली पदरानं पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली.

"मला कोणी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या, "म्हणून मी सांगितलं न्हाई. तुमी इचारलं, तरी मी सांगणार न्हाई. त्या लेकराच्या तोंडातनं काढा."

५

शनिवारी नर्मदाबाई कळमनुरीला गेल्या. पुनमनं दारातच त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, पाया पडली, पाणी दिलं. मग त्यांच्याकडं बघायचं टाळत चहा ठेवायला वळली.

"चहा राहू दे. बस." नर्मदाबाई शांतपणे बोलत होत्या. "मी सांगते, चुकलं तर सांग. बुधवारी तीननंतर एक म्हातारा आला. दवाखाना बंद होता, पण तुला त्याला परत पाठववेना. तुझं यंत्र पूजेत होतं, तुझा कॉम्प्युटर पूजेत होता. त्यांना तू हात लावला नाहीस. बॅटरीनं डोळा पाहिला. लिहायला साऱ्या दवाखान्यात पूजा न झालेला आणि रिकामा कॉम्प्युटर एकच होता."

पुनम खाली बसली.

"तिच्या नावानं कसं उघडलंस?"

"तिचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलाय, मावशी. समद्या दवाखान्याला ठाऊक हाये." तिचा आवाज फुटला. "मला वाटलं, एकच पान तर लिहायचं. निम्मं लिहिलं. पण बाहुली उघडंना, म्हणून दुसरा थेंब टाकला आन पुन्हा बघायला आत गेले. जाताना पडद्यावर कपडा टाकला. दुसऱ्याचं टेबल, उघडं कसं टाकायचं?"

"निरोप कपड्याखाली आला."

"आला असंल. मी कुठं पाह्यला! परत आले तर पडदा थिजलेला. काहीच हलंना. भ्याले आन बटण दाबून बंद करून टाकला. म्हाताऱ्याला म्हणलं, शुक्रवारी या, खिडकीवर नाव लावतील. शुक्रवारी पद्माबाईंचा फोन आला, गौसियाला घरी बसवलं म्हणून. मावशी, माझी नोकरीची ऑर्डर दर वर्षीची. सोमवारी त्याच बैठकीत पुढची निघायची हाये. मी दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला."

"तिसऱ्यांदा घेऊ नको. सोमवारी समक्ष ये."

"मीच फाडलं ना रजिस्टर?"

नर्मदाबाई उठल्या. "तू पान उघडं टाकलंस. उघड्या पानावर रजिस्टर कोणी मिटलं, ते अजून ठरायचं आहे."

६

ट्रस्टी चौघं होते. नर्मदाबाईंना त्यांनी खुर्ची दिली, ती त्यांनी गौसियाच्या शेजारी ओढून घेतली. जे कळलं होतं ते त्यांनी पहिल्यापासून सांगितलं: नारळ फोडलेली यष्टी, हातातली बॅटरी, न हललेल्या अक्षता, उलटा कपडा. बोलणं संपायच्या आत पुनम उभी राहिली आणि म्हणाली, "व्हय. मीच बसले होते."

खोलीत कुजबुज झाली. शिवशंकर यांनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे झालं. गौसिया न्हाई तर पुनम. माझ्या यादीत तर कोणीच नव्हतं."

"शिवशंकर," नर्मदाबाई म्हणाल्या, "तुमची यादी रिकामी होती?"

"रिकामी होती."

"मग सव्वाचारला गौसियाला फोन काहून केला?"

"तिच्या आईची..."

"तब्येत विचारलीत, बरं केलंत. पण कॉम्प्युटर बंद करून गेलीस ना, हे तुम्ही का विचारलं? पुनम तर रोजच्या रोज तुमच्यासमोर असते, तिला विचारलं नाही. गौसियाला एकटीलाच विचारलं. यादी रिकामी असती तर विचारायचं कारणच नव्हतं. यादीत एक नाव होतं. 'नोंदणी'."

शिवशंकर टेबलाकडं बघत राहिले. मग बोलले तेव्हा त्यांच्या आवाजातला मॅनेजर गेला होता.

"लाईट गेली की असं होतं, बाई. माणूस भाईर पडलेला असतो, नाव आत अडकून राहतं. महिन्यातून दहादा होतं. तिला इचारलं, ती म्हणली बंद केलंय. काचेतून पाह्यलं, खुर्ची रिकामी, कपडा टाकलेला. वाटलं, अडकलेलंच नाव हाये. पद्माबाई ताट घेऊन उभ्या. नक्कल काढायची राह्यली, ती नंतर काढू म्हणलं, आन मिटलं."

"तुमच्या दारापासून खिडकी किती पावलं आहे?"

"...बारा."

"बारा पावलं चालून कपडा उचलला असता, तर खाली उघडं पान दिसलं असतं. आमच्या वेळी संध्याकाळी रजिस्टर मिटायच्या आधी मी व्हरांड्यात उभी राहून तीनदा ओरडायची, कोणी राहिलं का? लोक हसायचे मला. एकदा संडासाकडून एक म्हातारी काठी टेकत आली होती. तेव्हापासून हसले नाहीत." त्या शिवशंकर यांच्याकडं वळल्या. "पण खरं सांगू का? बुधवारी जे झालं ती चूक. पुनमची थोडी, तुमची थोडी, पासवर्ड काचेखाली ठेवणाऱ्या या पोरीचीही थोडी. चूक माणसाच्या हातून होते. शुक्रवारी तुम्हाला नांदेडच्या फोनवरून कळलं होतं की ते नाव अडकलेलं नव्हतं, कोणीतरी खरंच आत होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, यादी रिकामी होती. ती चूक नव्हती."

बाहेर यष्टीचा हॉर्न वाजून गेला.

थोरल्या ट्रस्टींनी गौसियाकडं पाहिलं. "तुझं काय म्हणणं हाये?"

गौसिया उभी राहिली. "साहेब जे बोलले ते दार उघडं ठेवून बोलले. साऱ्या बाळापूरनं ऐकलं. आता जे बोलायचं ते पण दार उघडं ठेवूनच बोलावं. आन मला माझी खिडकी पाहिजे. दुसरं काही न्हाई."

शिवशंकर स्वतः उठले आणि दार उघडलं. व्हरांड्यातल्या बाकांवर टोकनांच्या अर्ध्या तुकड्यांवरून फोन करून बोलावलेली सतरा माणसं पुन्हा येऊन बसली होती, आणि कडेला अठरावा दगडोबा. त्यांच्यासमोर शिवशंकर म्हणाले की शुक्रवारी मी खोटं बोललो, रजिस्टर माझ्या हातून फाटलं, गौसियाचा त्यात काही दोष न्हाई. ते फार हळू बोलले, म्हणून दगडोबा ओरडला, "काय म्हणले? जरा मोठ्यानं!" आणि त्यांना सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.

पुनमची ऑर्डर निघाली, कडक शब्दांत ताकीद देऊन. नवा प्रोग्राम मंगळवारी सुरू करायचं ठरलं. पण त्याआधी जुनं रजिस्टर पुन्हा एकदा मिटायचं होतं, नीट. ते कोण मिटणार, असं थोरल्या ट्रस्टींनी विचारलं नाही. नांदेडच्या माणसाला फोन लावून ते एवढंच म्हणाले, "ती आतली यादी हाये ना, ती आजपासून खिडकीवर दिसू दे."

दुपारपर्यंत अठरा पानं लिहून झाली. चार वाजता गौसियानं नव्या माणसाला आत घेणं थांबवलं आणि निरोप पाठवला. नर्मदाबाई तिच्या मागं स्टुलावर बसल्या होत्या. पाच मिनिटं झाली. गौसिया उठून तपासणीच्या खोलीत गेली. पुनमनं शेवटची ओळ लिहून पान मिटलं, तेव्हा ती परत आली. यादीतलं एक नाव कमी झालं. तिनं स्वतःचं पान मिटलं. दुसरं गेलं.

एक नाव उरलं. 'कार्यालय'.

ती बारा पावलं चालून शिवशंकर यांच्या दारात गेली. नर्मदाबाई मागून आल्या. शिवशंकर दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, काहीतरी टाइप करत होते. पडद्यावर कर्मचाऱ्यांचं पान होतं. शुक्रवारी गौसियाच्या नावापुढं जे लिहिलं होतं, ते पुसून तिथं ते दुसरं लिहीत होते. अर्धी ओळ झाली होती.

"झालं का समद्यांचं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तुमचं नाव आत हाये, साहेब."

त्यांची बोटं थांबली. "दोन मिनिटं लागतील."

"लागू द्या," गौसिया म्हणाली. "पुरं लिहा. तवर मी मिटत न्हाई."

आणि ती दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभी राहिली.